तुकडे करण्याआधी

चि. बाळास,


एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक, हाती आला हे वाचून फार आनंद झाला. केबलच्या धंद्यातून इंटरनेटकडे वळलेली किती तरी माणसं मी पाहिली. बहुतेक जण आयुष्यभर दुसऱ्याच्या पत्त्यांवर आणि दुसऱ्याच्या नंबरावर चालवत राहतात. कराडला बसून तू आणि तुझा भागीदार स्वतःच्या नावाने अर्ज करता, पत्ते आणि नंबर देणाऱ्या आयआरआयएनएनची कागदपत्रं पुरी करता आणि जगाच्या राउटिंग टेबलात स्वतःची ओळख मिळवता, याचं मोल मला कळतं. त्या टेबलात आज पंचाहत्तर हजारांच्या वर एएस दिसतात. त्यात आता तुमचाही एक.

तू दोन गोष्टी विचारल्यास. मिळालेला /२३ पत्त्यांचा ब्लॉक फोडून दोन निम्मे /२४ करावेत आणि एकेका अपस्ट्रीमकडून, म्हणजे आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीकडून, एकेक अनाउन्स (जाहीर) करावा का, ही पहिली. मुंबईच्या व्यापाऱ्याकडे स्वस्तात मिळणारा जुना राउटर घ्यावा का, ही दुसरी. हो किंवा नाही एवढंच लिहून मी मोकळी होऊ शकते, पण तसं केलं तर पुढच्या वर्षी तू तिसरी गोष्ट विचारशील. हे जागतिक टेबल वाढतं कसं आणि कोणामुळे, हे एकदा नीट समजून घेतलंस की दोन्ही उत्तरं तुझी तुलाच सापडतील. म्हणून पत्र लांबलंय. सवडीने वाच.

नेटवर्क एकमेकांना आपले पत्ते ज्या भाषेत सांगतात, त्या बीजीपीचा जन्म १९८९ सालचा. कर्क लॉकीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी त्याचा पहिला आराखडा जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनवर मांडला. तेव्हाची निकड भागवणारी ती तात्पुरती सोय होती. आजही सगळ्या जगाचं इंटरनेट त्याच कल्पनेवर उभं आहे: शेजारच्या नेटवर्कने "हे पत्ते माझ्याकडून पोचतात" असं सांगितलं की तू ते मानायचंस आणि आपल्या पुढच्या शेजाऱ्याला सांगायचंस. शेजारी खरं बोलतो आहे का, हे तपासण्याची सोय मूळ रचनेत नव्हती. आपण जागतिक टेबल म्हणतो ते या सगळ्या सांगोवांगीची बेरीज. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, पूर्ण टेबल घेणाऱ्या प्रत्येक राउटरला मात्र ते सगळंच्या सगळं बाळगावं लागतं.

१९९४ साली त्यात वीस हजारांच्या आसपास नोंदी होत्या. तेव्हाही राउटर दमले होते, आणि त्याच्या आदल्याच वर्षी सीआयडीआर आलं नसतं तर त्यांनी मान टाकली असती. सीआयडीआरने जुने ए, बी, सी वर्ग मोडून काढले आणि शेजारशेजारचे अनेक ब्लॉक एका ओळीत जाहीर करायची मुभा दिली. २००१ च्या सुमारास टेबल एक लाखावर गेलं, पुढच्या पाचेक वर्षांत दोन लाखांवर. तेव्हा जाणकार खरोखर घाबरले होते. ऑक्टोबर २००६ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने ॲमस्टरडॅमला खास बैठक बोलावली ती याच काळजीपोटी: राउटरची मेमरी आणि चिपा ज्या गतीने सुधारतात, तिच्यापेक्षा टेबलाची वाढ जास्त झाली तर काय? पत्ता आणि ओळख वेगळी करणाऱ्या नव्या रचनांचे प्रयोग तिथून जोरात सुरू झाले. त्यातलं फारच थोडं मुख्य इंटरनेटवर रुजलं. ज्याची भीती होती तो कडेलोट झाला नाही, म्हणून त्या माणसांना कुणी घाबरट म्हणू नये. त्यांनी वेळेवर आकडे मांडले, म्हणूनच राउटर बनवणाऱ्यांनी आणि चालवणाऱ्यांनी पुढची तयारी केली.

आता खरा चमत्कारिक भाग. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाचे पत्ते वाटणाऱ्या आयएएनएने शेवटचे पाच मोठे /८ ब्लॉक वाटून टाकले आणि आयपीव्ही४चा मध्यवर्ती साठा संपला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिकला पत्ते देणाऱ्या एपीनिकचा साठाही शेवटच्या /८ वर आला. पत्ते संपले म्हणजे टेबलाची वाढ थांबायला हवी, नाही का? तेव्हा टेबलात साडेतीन लाखांच्या आसपास नोंदी होत्या. आज ती संख्या दहा लाखांच्या घरात आहे. जाहीर झालेल्या पत्त्यांचं एकूण क्षेत्र त्या मानाने थोडंच वाढलं, नोंदी मात्र तिपटीच्या घरात गेल्या.

हे तुला मी कृष्णाकाठच्या शेतीवरून सांगते, कारण तिथे हे आपल्या घरातच घडलंय. आजोबांच्या नावावर एकच सातबारा होता. भावकीत वाटण्या झाल्या, मग मुलांत झाल्या, काही गुंठे विकले गेले. शिवार तेवढंच राहिलं, तलाठ्याचं दफ्तर मात्र फुगलं. टेबलाचं नेमकं हेच झालं. साठा संपल्यावर पत्ते बाजारात विकले जाऊ लागले आणि मोठ्या ब्लॉकांचे लहान तुकडे नव्या मालकांकडे गेले. ज्यांना साठ्याच्या तळातून मिळाले त्यांनाही लहानच मिळाले. तुमच्यासारख्या नव्या सभासदाला एपीनिकच्या हद्दीत २०१९ पासून जास्तीत जास्त /२३, म्हणजे ५१२ पत्ते. शिवाय अनेकांनी आपला धड ब्लॉक स्वतःच्या सोयीसाठी फोडला. आज टेबलातल्या निम्म्याहून जास्त नोंदी /२४च्या आहेत. जमिनीला आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. इंटरनेटला कायदा नाही, फक्त रिवाज आहे: /२४ पेक्षा लहान तुकडा बहुतेक नेटवर्क स्वीकारत नाहीत. तो रिवाज टिकला म्हणून टेबल अजून आवाक्यात आहे.

फोडण्याला खरी कारणंही असतात, ते नाकारत नाही. राउटर नेहमी जास्त नेमक्या नोंदीला मानतो. /२३ एकीकडून दिसत असेल आणि त्यातलाच /२४ दुसरीकडून, तर ट्रॅफिक /२४च्या वाटेने येतो. त्यामुळे आत येणारा भार कुठल्या लिंकवर टाकायचा, यावर फोडणाऱ्याला हुकमी ताबा मिळतो. हाच नियम उलटला की काय होतं ते २४ फेब्रुवारी २००८ ला जगाने पाहिलं. पाकिस्तान टेलिकॉमला देशात यूट्यूब बंद करायचं होतं, म्हणून त्यांनी यूट्यूबच्या /२२ मधला एक /२४ आपल्याकडे वळवला. तो /२४ बाहेर गळाला, हाँगकाँगच्या अपस्ट्रीमने न तपासता पुढे सांगितला आणि दोनेक तास जगातला यूट्यूबचा ट्रॅफिक पाकिस्तानच्या दिशेला गेला. यूट्यूबने मग स्वतःही तोच /२४ आणि त्याहून बारीक तुकडे जाहीर करून ट्रॅफिक परत खेचला. बचावासाठी फोडणं म्हणतात ते हे. त्या दिवशी ते योग्यच होतं.

पण तुझ्या बाबतीत पाहू. एका अपस्ट्रीमकडून फक्त पहिला /२४ आणि दुसऱ्याकडून फक्त दुसरा, अशी तुझी योजना आहे. जेसीबीने एक फायबर तोडलं की त्या लिंकवरचे तुझे अर्धे ग्राहक अंधारात जातील, आणि दुसरी लिंक शेजारी रिकामी उभी असून त्यांच्या कामाला येणार नाही. दोन अपस्ट्रीम घेण्याचा सगळा खर्च वाया. तेव्हा काहीही ठरवलंस तरी पूर्ण /२३ दोन्हींकडून जाहीर झालाच पाहिजे, ही पहिली अट.

मग भार वाटायचा कसा? आधी आपलाच एएस नंबर पुन्हा पुन्हा लावून एएस-पाथ लांबवून पाहा, म्हणजे प्रीपेंड. मग अपस्ट्रीमकडून कम्युनिटींची, म्हणजे रूटला लावायच्या सूचनांच्या खुणांची, यादी मागून घे. मोठे अपस्ट्रीम अशी यादी देतात, आणि अमुक दिशेला कमी पसंतीने सांग वगैरे गोष्टी तिच्यातून जमतात. एकाच अपस्ट्रीमकडे तुझ्या दोन लिंका असतील तर /२४ त्यालाच नो-एक्स्पोर्ट (पुढे सांगू नका) लावून दे. त्याच्या नेटवर्कमध्ये तो तुकडा दिसेल, काम होईल, आणि जगाच्या टेबलात एकाही ओळीची भर पडणार नाही. हे सगळं करूनही भागलं नाही, तरच एक /२४ वेगळा काढ. आणि गरज संपली की मागे घे. जगातल्या किती तरी नोंदी अशाच कुणीतरी कधीतरी तात्पुरत्या म्हणून टाकलेल्या आहेत. टाकणारा नोकरी सोडून गेला, नोंद राहिली.

याहून महत्त्वाचं आणखी एक. तुझ्या ग्राहकांना रात्री आठ ते अकरा लागतं काय? व्हिडिओ, मॅच, रील्स. हा ट्रॅफिक जगभरातून येत नाही, मोजक्या पाच-सात कंटेंट कंपन्यांकडून येतो, आणि त्या मुंबईच्या इंटरनेट एक्स्चेंजांवर हजर आहेत. एनआयएक्सआय असो की डीई-सीआयएक्स मुंबई, तिथे एक पोर्ट घे, त्यांच्याशी थेट जोडणी (पीअरिंग) कर, आकार वाढला की त्यांचा कॅश सर्व्हर माग. मोठा भार अपस्ट्रीमवरून उतरेल आणि उरलेला कुठल्या लिंकवर कसा वाटायचा हा प्रश्नच लहान होईल. फोडाफोडीपेक्षा हे पोर्ट तुझा जास्त पैसा वाचवेल, असं मी ठाम सांगते.

जागतिक आकड्यांतही हेच दिसतं, आणि मला त्यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. एपीनिकचे जेफ ह्युस्टन वर्षानुवर्षं दर जानेवारीत बीजीपीचा लेखाजोखा लिहितात. या व्यवसायात पडलेल्याने तो चुकवू नये. टेबल इतकं वाढूनही एका एएसपासून दुसऱ्या एएसपर्यंतची सरासरी वाट जवळपास तेवढीच राहिली आहे, कारण इंटरनेट लांब पसरण्याऐवजी दाट होत गेलं. नवं नेटवर्क टोकाला लोंबकळत नाही, ते एक्स्चेंजवर येऊन अनेकांना थेट जोडलं जातं. रोजच्या बदलांचा, म्हणजे अपडेट्सचा कल्लोळही टेबलाच्या मापाने वाढलेला नाही, आणि जो आहे त्यातला मोठा वाटा मोजक्याच अस्थिर प्रीफिक्सांचा, म्हणजे जाहीर केलेल्या ब्लॉकांचा, असतो. लिंक सतत पडते-उठते, कुणाची तरी स्क्रिप्ट दर काही मिनिटांनी भार फिरवते, आणि तेवढ्यासाठी जगभरचे राउटर पुन्हा पुन्हा हिशोब करतात. तुझा प्रीफिक्स त्या यादीत कधीही नसावा, एवढी एक इच्छा पुरी कर.

२०२० नंतर आयपीव्ही४च्या टेबलाची वाढ मंदावली. २०२३ मध्ये तर ती जवळजवळ थांबलीच होती, नंतर पुन्हा थोडी सरकली. कारण तुझ्याच कपाटात आहे: तुझे हजारो ग्राहक सीजीनॅटमागे, म्हणजे एकेक पत्ता अनेकांत वाटून घेत, त्याच ५१२ पत्त्यांवर राहणार, आणि जगाला त्यातली एकच ओळ दिसणार. ग्राहक कितीही वाढले तरी टेबलाला त्याची खबर नसते. मोबाइल कंपन्यांचंही हेच.

गेल्या दशकभरात खरी गती दिसली ती आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत. २०१५ च्या सुरुवातीला तिथे वीसेक हजार नोंदी होत्या, आज दोन लाखांच्या पुढे आहेत. आयपीव्ही६च्या वापरात भारत जगाच्या पुढच्या रांगेत आहे. २०१६ साली जिओ आलं तेच मुळात आयपीव्ही६ घेऊन, आणि मग बाकीच्यांना यावं लागलं. तुलाही /३२ मिळाला असेल. तो पहिल्या दिवसापासून ग्राहकांपर्यंत पोचव, पुढे बघू म्हणू नकोस. सीजीनॅटवरचा भार त्यानेच हलका होईल. पण एक हिशोब डोक्यात कोरून ठेव. आयपीव्ही६मध्ये रिवाजाची सीमा /४८ आहे, आणि एका /३२ मधून ६५,५३६ /४८ निघतात. आयपीव्ही४मध्ये तू फार तर एकाचे दोन करू शकतोस, तिथे मोहालाही मर्यादा आहे. इथे तुझ्यासारखी मोजकी नेटवर्क बेफिकीर झाली तरी आजचं सगळं आयपीव्ही६ टेबल दुप्पट होईल. मलकापूरचं जोडणी-केंद्र (पॉप) वेगळं, उंब्रजचं वेगळं, म्हणून प्रत्येकाचा /४८ बाहेर सांगायचा नाही. आतल्या राउटिंगमध्ये हवे तेवढे तुकडे कर. बाहेर एकच /३२ जाऊ दे.

आता राउटरचं. १२ ऑगस्ट २०१४ हा दिवस लक्षात ठेव. त्या काळी सिस्कोचे ६५०० आणि ७६०० जातीचे राउटर जगभर होते, आणि त्यांच्या रूट साठवायच्या टीकॅम मेमरीत आयपीव्ही४साठी मूळ सेटिंगने ५१२ के, म्हणजे ५,२४,२८८ नोंदींची जागा राखलेली असे. टेबल त्या रेषेच्या अगदी जवळ आलं होतं. त्या दिवशी व्हेरायझनकडून पंधरा हजारांच्या आसपास जादा /२४ थोड्या वेळासाठी बाहेर पडले आणि रेषा ओलांडली गेली. ठिकठिकाणचे राउटर कोलमडले किंवा रांगायला लागले, ईबेसारख्या मोठ्या सेवांना झळ बसली. इलाज काय होता? बहुतेक ठिकाणी मेमरीची वाटणी बदलायची आणि राउटर पुन्हा सुरू करायचा. सिस्कोने काही महिने आधी इशाराही दिला होता. आकडे सगळ्यांसमोर होते, आलेखावर रेषा सरळ वर जात होती, तरी लोकांनी वाट पाहिली. याची मला आजही हळहळ वाटते, कारण असल्या रात्री कुणाचं तरी हॉस्पिटल, कुणाची तरी परीक्षा त्या लिंकवर असते.

म्हणून व्यापाऱ्याला किंमत विचारण्याआधी विचार: हार्डवेअरमध्ये किती आयपीव्ही४ आणि किती आयपीव्ही६ रूट मावतात, आणि दोन्ही एकाच वेळी? माहितीपत्रकावरचा मोठा आकडा बहुतेकदा फक्त आयपीव्ही४चा असतो. आयपीव्ही६ची नोंद त्याच मेमरीत जास्त जागा खाते. दहा लाख आणि दोन लाख आजच आहेत. त्यावर पाच वर्षांची वाढ धर, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी पंधरा-तीस हजार रूट सांडेल त्याचीही जागा धर. तू लिहिलेल्या मॉडेलात हे मावेल असं वाटत नाही.

तरी तो राउटर लगेच टाकाऊ ठरत नाही. तुला पूर्ण टेबल हवंय कशाला? दोन अपस्ट्रीमकडून डीफॉल्ट रूट घे, जमल्यास त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांचे रूट घे, एक्स्चेंजवरचे पीअरिंगचे रूट घे. कराडच्या नेटवर्कला एवढं पुष्कळ झालं. पूर्ण टेबल घेणं ही प्रतिष्ठेची बाब समजणारे लोक तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. वाचलेल्या पैशातून दुसरा राउटर घे आणि एक पडला तरी दुसरा चालेल अशी मांडणी कर.

शेवटी सह्या आणि चाळणी. बीजीपीत तपासणी नव्हती असं मी वर म्हटलं. आरपीकेआयने तिचा एक भाग भरून काढला. "हा प्रीफिक्स जाहीर करायचा हक्क अमुक एएसला" असं सहीनिशी सांगणारा आरओए तू करायचास, आणि तो तपासणारी नेटवर्क चुकीच्या मुळाचे रूट टाकून देतात. २०२४ मध्ये आयपीव्ही४च्या निम्म्याहून जास्त प्रीफिक्सांना असं कवच मिळालं. काम फार लांबलचक नाही, पण कमाल लांबीच्या रकान्यात सोय म्हणून /२४ किंवा /४८ भरून ठेवू नकोस. जेवढं खरोखर जाहीर करतोस तेवढीच लांबी लिही. नाही तर तुझा एएस नंबर खोटाच पुढे लावून कुणीही तुझ्या ब्लॉकचा बारीक तुकडा सांगेल, आणि तुझीच सही त्याला खरा ठरवेल.

चाळणी, म्हणजे फिल्टर, बाहेर जाणाऱ्या बाजूला आधी लाव. आपले प्रीफिक्स सोडून काहीही बाहेर जाऊ नये. एका अपस्ट्रीमचे रूट दुसऱ्याला कळले तर क्षणभर अर्धं जग तुझ्या कराडच्या राउटरमधून जायला बघेल. हे दूर कुठेतरी घडतं असं समजू नकोस: १६ एप्रिल २०२१ ला आपल्याच देशातल्या एका मोठ्या मोबाइल नेटवर्कच्या एएस ५५४१० मधून तीस हजारांहून जास्त परके प्रीफिक्स स्वतःचे म्हणून बाहेर गेले. अपस्ट्रीमलाही सांग, आमच्या बीजीपी सेशनवर कमाल प्रीफिक्सची मर्यादा कडक ठेवा. मर्यादा ओलांडून तुझं सेशन पडलं तर तुझं नुकसान तासाभराचं असेल, आणि चूक तुझ्यापाशीच थांबेल.

सेशन चालू करायच्या आधी कॉन्फिगरेशन मला पाठव, पासवर्ड काढून. आरओए झाला की ब्लॉक आणि एएस नंबर कळव. ओरेगॉन विद्यापीठाच्या राउट व्ह्यूजवर तुमची ओळ बाहेरून कशी दिसते ते मी पाहीन आणि तुला फोन करीन. ताईला नमस्कार सांग, तुझ्या भागीदारालाही हे पत्र वाचायला दे.

तुझी
मावशी